गॅरेजमध्ये अलॉय व्हील खराब झालं, तर काय करायचं

टायर बदलायला किंवा ब्रेकच्या कामाला गाडी दिली आणि परत घेताना रिमच्या कडेवर नवा चरा दिसला, की गॅरेजचं पहिलं उत्तर ठरलेलं असतं: "तो आधीपासूनच होता." त्यावर आवाज चढवून काही हाती लागत नाही. भरपाई मिळते ती दोन गोष्टींच्या जोरावर. काम सुरू होण्याआधीचे फोटो हवेत, आणि तो चरा कोणत्या अवजाराने पडला हे तुम्हाला सांगता यायला हवं. दुसरी गोष्ट फार कमी गाडीमालकांना जमते, म्हणून इथे तिच्यावरच जास्त भर दिला आहे.

गाडी हातात देण्याआधी

चाकं धुवून न्या. ब्रेकच्या काळ्या धुळीखाली जुने चरे झाकले जातात आणि काम झाल्यावर गॅरेजने चाक पुसून दिलं की तेच नवे वाटायला लागतात. असं झालं तर तुम्हीच खोटे पडता.

प्रत्येक चाकाचा समोरून एक पूर्ण फोटो काढा. मग कडेचे चार भाग करून चार फोटो जवळून घ्या, मोबाईल थोडा तिरका धरून आणि फ्लॅश बंद ठेवून. फ्लॅशच्या चकाकीत बारीक ओरखडे पुसले जातात, तिरक्या उजेडात मात्र ते उठून दिसतात. शेवटी गाडीभोवती एक सलग व्हिडिओ घ्या, ज्यात नंबर प्लेट, चारही चाकं आणि डॅशबोर्डवरचे किलोमीटर एकाच शॉटमध्ये येतील. तुटक फोटोंवर "हे दुसऱ्या गाडीचं चाक कशावरून नाही?" असं विचारता येतं, सलग व्हिडिओवर नाही.

जुने चरे असतील तर ते लपवू नका. उलट जॉब कार्डवर स्वतःहून लिहायला लावा. जागा सांगताना हवा भरायचा व्हॉल्व्ह घड्याळातले बारा समजायचे. म्हणजे नोंद अशी होते: "पुढचं डावं चाक, व्हॉल्व्हपासून चार वाजता, बाहेरच्या कडेवर २ सेंटिमीटर जुना चरा. बाकी तीन चाकांवर खूण नाही." या एका ओळीखाली गॅरेजच्या माणसाची सही असली, की पुढचा निम्मा वाद उद्भवतच नाही.

काम सुरू होण्याआधी तीन गोष्टी विचारा. टायर काढायच्या मशीनच्या पकडींवर प्लास्टिकची टोपणं आहेत का? बॅलन्सिंगला चिकटवायची वजनं लावणार की ठोकायची? नट शेवटी टॉर्क रेंचने, म्हणजे ठरवलेल्या जोराएवढंच आवळणाऱ्या पान्याने आवळणार का? उत्तर देताना समोरचा अडखळला किंवा "अहो, रोजचं काम आहे" म्हणाला, तर गाडी दुसरीकडे न्या. हा सल्ला कडक वाटेल, पण टोपणं फुटून गेलेल्या मशीनवर चाक चढलं की चरा जवळजवळ ठरलेलाच. कडक बाजूचे, कमी उंचीचे (लो-प्रोफाइल) टायर किंवा हवा गेली तरी थोडं अंतर चालणारे रन-फ्लॅट टायर असतील तर मशीनला मदतनीस आर्म आहे का हेही पाहा. तो नसला की कारागीर लांब लोखंडी पट्ट्या घालून जोर लावतो आणि सगळा भार रिमच्या कडेवर येतो.

खूण वाचायची कशी

फुटपाथला घासून पडलेली खरवड कडेच्या सगळ्यात बाहेरच्या भागावर असते. ती कडेच्याच दिशेने वळत जाते, बरीच लांब आणि खरबरीत असते. बहुतेक वेळा तिला लागूनच टायरची बाजूही घासलेली असते. यात एक महत्त्वाची गोष्ट दडली आहे. तुम्ही नवे टायर बसवले असतील तर जुना टायर टाकू देऊ नका. गॅरेजवाला म्हणतो की चरा फुटपाथचा आहे. तसं असेल तर जुन्या टायरच्या त्याच जागी घासल्याची खूण शोधा. व्हॉल्व्हच्या जागी टायरवर खडूने आधीच रेघ मारून ठेवली असेल तर ही जुळणी अचूक होते. जुन्या टायरची बाजू कोरी निघाली तर त्याचा युक्तिवाद बराच लंगडा पडतो.

टायर काढायच्या मशीनच्या खुणा वेगळ्या असतात. तिचे तीन भाग रिमला लागू शकतात, आणि प्रत्येकाची सही निराळी.

पहिला, टायर रिमपासून सुटा करणारं फावडं, म्हणजे बीड ब्रेकर. ते टायरवर टेकवायचं असतं, रिमच्या कडेपासून थोडं लांब. कडेला चिकटवून दाबलं तर एकाच जागी चंद्रकोरीसारखा पोचा किंवा खोल खरड उमटते, बऱ्याचदा चाकाच्या मागच्या बाजूला. फावडं मागच्या बाजूने दाबत असताना चाकाचा दर्शनी भाग मशीनच्या अंगाला टेकलेला असतो. तिथले रबरी पॅड झिजले किंवा निखळले असतील तर समोरच्या कडेवर आडवे, बोथट ओरखडे पडतात. आणखी एक धोका हवेचा दाब मोजणाऱ्या सेन्सरला असतो. तो बहुतेक गाड्यांत व्हॉल्व्हच्याच बुडाशी, रिमच्या आत बसवलेला असतो. फावडं व्हॉल्व्हजवळ दाबलं तर सेन्सर तुटू शकतो, बाहेरून काहीच दिसत नाही आणि थोडं अंतर गेल्यावर डॅशबोर्डवर दिवा लागतो.

दुसरा भाग फिरत्या टेबलाच्या चार पकडी. यांच्या खुणा चार, एकमेकींपासून समान अंतरावर, चावल्यासारख्या लहान. फुटपाथ कधीच असं मोजून मापून घासत नाही, त्यामुळे ही खूण जवळजवळ वादातीत असते. अलॉय व्हील साधारणपणे बाहेरून पकडतात आणि दर्शनी बाजू वर ठेवतात, म्हणून या खुणा बहुतांशी मागच्या कडेवर सापडतात. समोरच्या कडेवर दिसल्या, तर चाक पालथं ठेवून पकडलं होतं असं समजा. काही रिमच्या रचनेमुळे तसं करावंच लागतं, पण मग टोपणं हवीतच.

तिसरा भाग म्हणजे टायरची कड उचलून धरणारं डोकं. ते रिमपासून दोन-तीन मिलिमीटर वर ठेवायचं असतं आणि खाली प्लास्टिकचा तुकडा लागतो. तो झिजला असेल किंवा डोकं नीट लॉक झालं नसेल, तर टेबल फिरताना रिमच्या आतल्या ओठावर बारीक, सलग, गोल रेघ उमटते. एकाच ठिकाणी खोल खाच असेल तर ती लोखंडी पट्टीची, म्हणजे टायर लिव्हरची. टायरच्या कडेला साबणाचं पाणी किंवा पेस्ट न लावता जबरदस्तीने टायर ओढला की हे हमखास होतं.

नटांच्या भोकांभोवती गोल गोल ओरखडे दिसले तर ते इम्पॅक्ट गनच्या, म्हणजे नट झटक्यात आवळणाऱ्या यंत्राच्या पान्याचे. अलॉयसाठी पातळ भिंतीचा आणि प्लास्टिकचं आवरण असलेला पाना मिळतो. साधा जाड पाना अरुंद भोकात शिरताना कडा खात जातो.

कडेवर एखाद-दोन सेंटिमीटरचा चेपलेला डाग आणि तिथेच बॅलन्सिंगचं वजन (किंवा वजन काढल्याची पांढरट जागा) दिसली, तर तिथे वजन ठोकलं किंवा पक्कडीने उपटलं आहे. अलॉयवर ठोकायचं वजन लावूच नये असं ठाम मत आहे: त्याची लोखंडी क्लिप रंगावरचा लॅकरचा पारदर्शक थर फोडते, मग पाणी शिरतं आणि दोन वेगळ्या धातूंच्या संगतीने ॲल्युमिनियम गंजू लागतं. चिकटवायची वजनं आतल्या पृष्ठभागावर बसतात आणि कडेला हातही लागत नाही. अलाइनमेंटच्या वेळी चाकावर चढवायच्या क्लॅम्पच्या खुणासुद्धा तीन-चार आणि समान अंतरावर असतात, पण त्या अगदी टोकाच्या कडेवर आणि टायर न काढताही पडतात. त्या दिवशी फक्त अलाइनमेंट झाली असेल, तर शोध तिथेच संपतो.

दर्शनी भागावर, आऱ्यांच्या सगळ्यात उंच जागांवर बारीक ठिपके आणि ओरखडे म्हणजे चाक काढून सिमेंटच्या जमिनीवर पालथं ठेवलं होतं. आणि चाकावर ओघळ आल्यासारखे पांढरट किंवा दुधी डाग असतील, तर ते आम्लयुक्त क्लीनरचे आहेत. गरम चाकावर फवारून तो वाळू दिला की लॅकर जळतो, आणि कितीही पुसलं तरी डाग जात नाही.

चरा ताजा की जुना, हेही सांगता येतं. ताजा चरा चंदेरी चमकतो आणि त्याच्या कडा धारदार असतात. मऊ कापड फिरवलं तर धागा अडकतो. खाचेत ब्रेकची धूळ नसते. जुना चरा मळकट करडा दिसतो, आत धूळ मुरलेली असते, लॅकरचा पापुद्रा सुटलेला असतो आणि त्याखालून पांढरे बारीक धागे पसरत गेलेले दिसतात. पण केवळ चमक पाहून ताजा ठरवू नका. कडक क्लीनरने धुतलेला जुना चराही चमकू शकतो. धार आणि लॅकरची कड, या दोन्हींचा मेळ बसला तरच बोला.

डोळ्यांना न दिसणारं नुकसान

चऱ्यापेक्षा जास्त धोकादायक असतो तो बेसुमार आवळलेला नट. इम्पॅक्ट गनने शेवटपर्यंत आवळलं की नटाचा शंकूसारखा भाग रिमच्या बैठकीत रुततो, स्टड (नट ज्यावर बसतो तो आट्यांचा दांडा) ताणला जातो, ब्रेक डिस्क किंचित वाकून नंतर ब्रेक दाबताना पेडल थरथरतं, आणि रस्त्यात पंक्चर झालं तर गाडीतल्या पान्याने नट हलतच नाही. योग्य टॉर्क तुमच्या गाडीच्या पुस्तिकेत दिलेला असतो. बऱ्याच लहान आणि मध्यम गाड्यांना तो १०० ते १२० न्यूटन-मीटरच्या आसपास असतो, पण अंदाजावर जाऊ नका. पुस्तिकेतला आकडाच जॉब कार्डवर लिहून द्या.

तपासणी सोपी आहे. गाडी जमिनीवर, हँडब्रेक ओढलेला. गाडीतल्या पान्याने एक नट हाताच्या जोराने सैल होतो का पाहा. पान्यावर उभं राहावं लागलं तर तो बहुधा जास्तच आवळला आहे; तिथल्या तिथे सगळे नट सैल करून टॉर्क रेंचने, एकाआड एक समोरासमोर, पुन्हा आवळायला सांगा. नटांच्या आट्यांना ग्रीस किंवा तेल लावू देऊ नका, कारण घर्षण कमी झालं की रेंचवर तोच आकडा दिसत असला तरी स्टड खूप जास्त ताणला जातो.

कंपनीचे नव्हे तर बाजारातले अलॉय बसवलेले असतील तर हबवर (गाडीच्या ज्या मधल्या भागावर चाक बसतं त्यावर) प्लास्टिक किंवा ॲल्युमिनियमची एक मध्य-रिंग असते. चाक काढताना ती निघून पडते आणि विसरली जाते, मग बॅलन्सिंग बरोबर असूनही वेगात स्टिअरिंग थरथरतं. लॉक नटाची चावी, मधली टोपी आणि व्हॉल्व्हची टोपणं परत मिळाली का, हेही मोजून घ्या.

नुकसान दिसलं त्या क्षणी

गाडी गॅरेजच्या आवारातून बाहेर काढू नका. एकदा फाटकाबाहेर गेलात की "बाहेर तुम्हीच घासली" हे उत्तर तयारच असतं. उजेडात, मोबाईलचा टॉर्च जमिनीला समांतर धरून चारही चाकं पाहा. गाडी अजून लिफ्टवर असेल तर आतली कडही पाहून घ्या, कारण पोचे तिथेच लपतात.

चरा दिसला तर जागेवरच फोटो काढा, मागे गॅरेजची खूण येईल असे. एका फोटोत शेजारी मोजपट्टी किंवा नाणं ठेवा. मग चाकाला हात लावलेल्या पोऱ्याशी नव्हे, तर मालकाशी किंवा सुपरवायझरशी बोला, आणि शांतपणे. पोऱ्याला सगळ्यांसमोर झापलं की तो आधी स्वतःची नोकरी वाचवतो आणि खरं काय घडलं ते कधीच कळत नाही. मालकाला आधीचा आणि आताचा फोटो शेजारी शेजारी दाखवा आणि म्हणा, "चार खुणा समान अंतरावर आहेत, चला, तुमच्या मशीनच्या पकडी पाहू या." टोपणं नसलेली पकड त्याच्याच डोळ्यांसमोर आली, की पुढचं बोलणं बरंच सरळ होतं.

तिथल्या तिथे पॉलिश पेपर मारून किंवा रंगाची पेन फिरवून "ठीक करून देतो" म्हणाले तर नकार द्या. त्याने पुरावा जातो आणि लॅकरही आणखी खराब होतो. गॅरेजमधल्या कॅमेऱ्याचं चित्रीकरण जपून ठेवा अशी मागणी त्याच दिवशी लेखी करा. रेकॉर्डिंग ठरावीक दिवसांनी आपोआप पुसलं जातं. बिल भरल्याशिवाय गाडी सोडत नसतील तर भरा, पण बिलाच्या दोन्ही प्रतींवर लिहा: "उजव्या मागच्या चाकाला कामादरम्यान नुकसान. हरकत नोंदवून रक्कम दिली." सही द्यायला ते तयार नसतील, तर त्या लिहिलेल्या बिलाचा फोटो त्यांच्याच नंबरवर तिथूनच पाठवा. वेळेची नोंद आपोआप होते.

"चाकांच्या नुकसानीस आम्ही जबाबदार नाही" अशी पाटी भिंतीवर असली तरी खचून जाऊ नका. अनेक देशांच्या कायद्यात अशा पाटीने निष्काळजीपणाची जबाबदारी सहजासहजी झटकता येत नाही. "लो-प्रोफाइल टायरला एवढं होतंच" हेही खरं नाही. काम अवघड असतं हे मान्य, पण नीट मशीनवर ते चऱ्याशिवाय होतं.

आधीचे फोटो नसतील तर? मोबाईलमध्ये शोधा. सहलीच्या किंवा विम्याच्या वेळच्या फोटोत चाक नकळत आलेलं असतं. आधीच्या सर्व्हिसचं जॉब कार्डही कामी येतं.

लेखी मागणी

तोंडी आश्वासनावर दोन दिवसांपेक्षा जास्त थांबू नका. दरम्यान, गॅरेजशी संबंध नसलेल्या दोन रिम दुरुस्ती करणाऱ्यांकडून लेखी अंदाजपत्रक घ्या. मग ईमेल करा, लांबण न लावता:

"दिनांक अमुक रोजी, बिल क्रमांक अमुक, माझ्या गाडीचे चार टायर आपल्याकडे बदलले. काम सुरू होण्याआधी चारही चाकांचा व्हिडिओ घेतला होता. गाडी परत घेताना पुढच्या उजव्या चाकाच्या बाहेरच्या कडेवर, व्हॉल्व्हपासून ७ आणि १० वाजता, दोन ताज्या खाचा आढळल्या. दोन्ही वेळचे फोटो सोबत आहेत. दुरुस्तीची दोन अंदाजपत्रकं जोडली आहेत. त्यांपैकी कमी रक्कम १४ दिवसांत द्यावी किंवा त्याच दुरुस्तीवाल्याकडून चाक दुरुस्त करून द्यावं. अन्यथा ग्राहक तक्रार दाखल करावी लागेल."

यात रागाचं एकही वाक्य नको. मागणी झालेल्या नुकसानीएवढीच ठेवा. एका चऱ्यापायी चार नवीन चाकं मागितली की ऐकणाऱ्याची सहानुभूती जाते. गॅरेज एखाद्या साखळीचं किंवा अधिकृत सर्व्हिस सेंटर असेल तर तीच ईमेल मुख्य कार्यालयाला पाठवा आणि त्यांच्या दायित्व विम्याबद्दल विचारा; असा विमा अनेकांकडे असतो आणि त्यातून पैसे देणं मालकाला सोपं जातं. कार्डने पैसे भरले असतील तर बँकेकडे तक्रारीचा मार्ग आहे का तेही पाहा. त्याने भागलं नाही तर तुमच्याकडची ग्राहक तक्रार यंत्रणा किंवा लहान दाव्यांचं न्यायालय.

कोणती दुरुस्ती मान्य करायची

वरवरचा चरा, साधारण १ मिलिमीटरपर्यंत खोल आणि फक्त कडेवर असेल, तर घासून, रंगवून, लॅकर मारून तो नीट जातो. चाकाचा दर्शनी भाग लेथवर कापून चमकवलेला, म्हणजे डायमंड-कट असेल, तर त्याला साधा रंग लावू देऊ नका, तो ठिगळासारखा दिसतो. पुन्हा लेथवर कापावं लागतं, आणि प्रत्येक वेळी धातूचा पातळ थर जातो, त्यामुळे हे फार वेळा करता येत नाही. ही झीज तुमच्या चाकाच्या आयुष्यातून वजा होते, हे भरपाई ठरवताना नक्की मांडा.

पोचा असेल तर आधी टायर काढून चाक मशीनवर फिरवून त्याचा डगमग मोजायला सांगा. तो साधारण १ मिलिमीटरच्या पुढे गेला तर हाताला थरथर जाणवू लागते. नेमकी मर्यादा गाडी बनवणाऱ्याची पाळा. टायर रिमला जिथे बसतो त्या बीडच्या कडेला साबणाचं पाणी लावून हवा गळते का पाहा. गॅसच्या ज्योतीने तापवून सरळ करणाऱ्याकडे चाक देऊ नका. अलॉयला कारखान्यात ठरावीक उष्णता-प्रक्रियेने ताकद दिलेली असते आणि ज्योतीखाली ती त्या जागी नष्ट होते. तडा गेला असेल, विशेषतः आऱ्यावर किंवा नटाच्या भोकापाशी, तर वेल्डिंग मान्य करू नका. तिथे नवीन चाक हीच मागणी, आणि तोवर ते चाक गाडीला लावायचं नाही. बदली चाक मागवताना मागच्या बाजूला कोरलेला पार्ट नंबर, रुंदी आणि ऑफसेट (चाकाच्या मधल्या रेषेपासून हबला टेकणाऱ्या भागाचं अंतर), उदाहरणार्थ ६.५ जे × १६, ईटी ४५, हे सगळं तंतोतंत जुळलं पाहिजे.

दुरुस्त चाक परत आलं की दोन जागा पाहा: नटांच्या बैठका आणि हबला टेकणारा मागचा सपाट भाग. तिथे रंग किंवा पावडर कोटिंग चढलं असेल तर ते काढायला लावा. जाड थर गाडी चालताना दबतो आणि आवळलेले नट आपोआप ढिले पडतात. चाक बसवल्यावर ५० ते १०० किलोमीटर झाले की गाडी थंड असताना नट पुस्तिकेतल्या टॉर्कवर पुन्हा तपासून घ्या.